हाडाचं, किडनीचं, डोक्याचं: कुठल्या दुखण्याला नेमका कुठला डॉक्टर?

कातळफूल:

नमस्कार. बरेच दिवस मनात होतं, आज आई दुपारची झोपली आहे म्हणून लिहायला बसले. धागा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा आणि तुम्हाला माहीत असेल ते लिहा.

आम्ही देवगड तालुक्यातले. आई ६१ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात तिच्या हाताची बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे, चुलीवरचा टोप उतरवता येत नसे. दहा-साडेदहापर्यंत हात मोकळे व्हायचे आणि मग ती दिवसभर नेहमीसारखी कामं करायची. त्यामुळे आम्हीही म्हणायचो, गारठ्याने आखडत असेल. शेजारीपाजारी ‘वात आहे, वयच झालं’ म्हणायचे. हाडाचं दुखणं म्हणजे हाडांचा डॉक्टर, एवढाच आमचा हिशोब. गेलो. गुडघ्याचा एक्स-रे काढला, थोडी झीज दिसली, गोळ्या मिळाल्या. गोळी घेतली की आराम, संपली की पुन्हा तेच. मग परत दाखवायला न जाता त्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणत राहिलो. चौदा महिने.

एके दिवशी आईचे पाय सुजले, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, वाढून १.६ आलं. सोनोग्राफीत उजव्या किडनीत बारीक खडा दिसला. ‘किडनीचा डॉक्टर’ शोधला, पहाटे साडेचारला निघालो, फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. ते निघाले युरोलॉजिस्ट. त्यांनी रिपोर्ट नीट पाहिले आणि म्हणाले, ‘हा खडा काही त्रास देणारा नाही. तुमचा प्रश्न किडनीच्या कामाचा आहे, तो नेफ्रोलॉजिस्ट बघतात. मी मूत्रमार्गाची ऑपरेशनं करणारा.’ फीदेखील घेतली नाही. त्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

नेफ्रोलॉजिस्टनी रिपोर्टच्या आधी आईचे हात हातात घेतले. ‘सकाळी आखडलेले हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?’ हा प्रश्न चौदा महिन्यांत कुणी विचारला नव्हता, आणि आम्हीही आपणहून सांगितला नव्हता. त्यांनी वेदनाशामक गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या आणि चिठ्ठी दिली रुमॅटॉलॉजिस्टच्या नावाने. म्हणजे सांध्यांच्या सुजेचे, प्रतिकारशक्ती उलटल्याने होणारे आजार औषधांनी बघणारा डॉक्टर. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुढे आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी वगैरे रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदान झालं, आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

मला आता जे समजलंय ते असं. झिजेचा संधिवात बहुतेक गुडघ्यांत, वापर झाला की वाढतो, बसल्यावर बरं वाटतं. आमवात उलटा. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पायांची बोटं अशी जोडीने सुजतात, सकाळी अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त आखडलेली राहतात, हालचाल केली की सुटतात. यावर सुरुवातीलाच योग्य औषध मिळालं तर सांधे वाकडे होणं बरंच टाळता येतं. नुसती वेदनाशामकं खात राहिलं तर आतला रोग चालूच राहतो आणि पोट, किडनी यांना इजा व्हायची ती होते.

कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण डॉक्टरांचे प्रकार आणि त्यांची कामं आधी ठाऊक असती तर आईचे चौदा महिने वाचले असते. सगळ्यात घोटाळा जोड्यांमध्ये होतो. नेफ्रोलॉजिस्ट आणि युरोलॉजिस्ट ही एक जोडी. डायलिसिस, लघवीतून प्रथिनं जाणं, क्रिएटिनिन वाढणं हे पहिल्याचं. मुतखडा, प्रोस्टेट, लघवी अडणं हे दुसऱ्याचं. न्यूरोलॉजिस्ट फिट, लकवा, कंपवात, अर्धशिशी औषधांनी बघतो. न्यूरोसर्जन डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव, मेंदूतली गाठ, मणक्यात दबलेली नस यांची ऑपरेशनं करतो. हृदयाचं मात्र थोडं वेगळं. कार्डिओलॉजिस्ट औषधांचा डॉक्टर असूनही मनगटातून किंवा जांघेतून तार घालून अँजिओप्लास्टी तोच करतो. बायपास करणारा सर्जन निराळा.

अशा आणखी जोड्या आणि तुमचे अनुभव लिहा.

पाणंद:

ताई, फार चांगलं केलंत. मी पाटीबद्दल लिहितो, कारण माझा भाऊ या शिक्षणातून गेला आहे.

एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर, एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर एमडी किंवा एमएस, आणखी तीन वर्षं. त्यापुढे डीएम किंवा एमसीएच, पुन्हा तीन वर्षं. म्हणजे नेफ्रोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन व्हायला, कुठेही न अडखळता, किमान साडेअकरा वर्षं. एमडी आणि डीएम साधारण औषधांच्या वाटेचे, एमएस आणि एमसीएच ऑपरेशनच्या.

आपल्याकडे ‘एमडी डॉक्टर’ म्हटलं की सगळे फिजिशियन समजतात. ते चूक. एमडी कशातली ते कंसात वाचा. मेडिसिन असेल तर फिजिशियन. बालरोग, त्वचारोग, मानसोपचार, भूल, पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी या सगळ्यांत एमडी असते. आयुर्वेदातही एमडी असते. डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) म्हणजे कमी दर्जाचं, हाही गैरसमज काढून टाका, ती पदवी एमडी-एमएसच्या तोडीची मानली जाते. कुठल्याही डॉक्टरला त्याची शाखा आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही.

रापण:

माझ्या बापाशीचा तोंड गेल्या वर्सा सकाळी अचानक वाकडा झाला, एक हात उचलना. आमी न्यूरोचो डॉक्टर खय गावतलो म्हणान फोन करीत रवलो. दोन तास त्यातच गेले. मगे गाडी करून गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलो. जीव वाचलो, पण उजवो हात अजून तसोच आसा. आता वाटता, पयला खय जावक होया होता?

सुरंगी:

रापणदादा, वाचून वाईट वाटलं. मी ग्रामीण रुग्णालयात १८ वर्षं परिचारिका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, यांत ‘न्यूरोचा डॉक्टर कुठे आहे’ हा पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न, सीटी स्कॅन जवळ कुठे आहे. कारण मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय, हे सीटीशिवाय कुणालाच सांगता येत नाही आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपल्याकडे गाव ते हायवे, हायवे ते शहर यातच दीड-दोन तास जातात, मग हातात किती उरतात ते बघा. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, निघण्याआधी १०८ ला किंवा त्या हॉस्पिटलला फोन करून सीटी चालू आहे का विचारा. तोंडात पाणी, औषध काही घालू नका, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

छातीत दुखण्याचंही तसंच. कार्डिओलॉजिस्ट शोधत मुंबईला फोन लावू नका, आधी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. मोठा झटका असेल तर गुठळीचं इंजेक्शन देऊन मग पुढे पाठवता येतं.

आणि साप. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त मी हेच पाहिलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं खूप. कातळावर, गवतात, रचलेल्या चिऱ्यांत. ‘सापाचा स्पेशालिस्ट’ असा कुणी नसतो. प्रतिविष कुठलाही एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी देतो आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांना एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. आम्ही काचेच्या साध्या, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. एवढी साधी तपासणी, पण तिच्यावर जीव वाचतात. पुढची माणसं नंतर लागतात. घोणशीने किडनी बंद पडली तर नेफ्रोलॉजिस्ट. मण्यार बहुतेक रात्री झोपेत चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही, पहाटे पापण्या जड होतात, मग श्वास. तिथे व्हेंटिलेटर आणि तो सांभाळणारा माणूस हवा. पट्टी करकचून आवळू नका, चिरा देऊ नका, हात-पाय न हलवता आणा. एवढं केलंत तरी आमचं अर्धं काम झालं.

साध्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कमी लेखू नका, हे मला मनापासून सांगायचं आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट जायची. विंचवाच्या विषाने हृदयावर भयंकर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी खाटेशेजारी बसून टिपलं, १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं, आणि पुढे रक्तदाबाची प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी वापरून मृत्यू आटोक्यात आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठं हॉस्पिटल नव्हतं, मोठी यंत्रं नव्हती.

रापण:

सुरंगीताई, देव बरा करो तुमचा. वाडीतल्या सगळ्यांक वाचून दाखवलंय.

मिरग:

झाडावरून पडलेल्यांबद्दलही कुणीतरी लिहा. एप्रिल-मेमध्ये आंबा काढणीला दरवर्षी कुणीतरी पडतोच. आमच्या बागेतला गडी पडला तेव्हा चौघांनी हातापायाला धरून उचललं आणि रिक्षात बसवलं. नंतर डॉक्टर म्हणाले, मणका मोडलेला असताना असं उचललं की मज्जारज्जूला आणखी इजा होते. मान न हलवता, सगळं अंग एका रेषेत ठेवून फळीवर किंवा दारावर आडवं न्यायचं. मणक्याचं ऑपरेशन हाडांचे डॉक्टरही करतात आणि न्यूरोसर्जनही, हे मला तेव्हा कळलं. आधी पाय हलतायत का, संवेदना आहे का ते पाहून ठरवतात. माझा गडी आता काठी घेऊन चालतो. बागेत फळी आणून ठेवली आहे.

घाटवाट:

मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्याबद्दल कुणी लिहील म्हणून वाट पाहिली, शेवटी स्वतःच लिहिते.

चार तालुक्यांत मिळून मी ऑन कॉल फिरते. रात्री दोन वाजता सिझरसाठी फोन येतो, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ तिथे असतात, बालरोगतज्ज्ञ असतात, थिएटर तयार असतं, आणि सगळे माझ्या गाडीच्या दिव्यांकडे डोळे लावून बसलेले असतात. कोकणातून बाळंतीण पुढे पाठवावी लागते, त्याचं कारण अनेकदा सर्जन नसणं हे नसून भूल द्यायला कुणी नसणं, हे असतं.

‘इंजेक्शन देऊन झोपवणारा डॉक्टर’ एवढीच आमची ओळख आहे. झोपवणं दोन मिनिटांचं. नंतर ऑपरेशन संपेपर्यंत पेशंटचा श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, गेलेलं रक्त, दिलेलं पाणी हे सगळं आम्ही धरून बसतो. सर्जनची नजर जखमेवर असते, आमची माणसावर. अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटरही बऱ्याच ठिकाणी आम्हीच सांभाळतो.

एक विनंती हात जोडून. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवा म्हटलं की ठेवा. ‘म्हातारं माणूस, उपाशी कसं राहील’ म्हणून घरचे प्रेमाने गुपचूप पेज पाजतात. भुलीखाली घसा राखणारी शक्ती झोपलेली असते, पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जातं. हलक्या जेवणानंतर, पेजेनंतरसुद्धा, सहा तास हवेत, साध्या पाण्याला दोन तास पुरतात. काही खाल्लं असेल तर लपवू नका, आम्ही रागावणार नाही, थांबू. रक्त पातळ करायच्या गोळ्या, हलणारा दात, आधीच्या भुलीत झालेला त्रास, हेही आपणहून सांगा.

आणि पाठीतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते ही समजूत घराघरांत आहे. बाळंतपणानंतर कंबर अनेकींची दुखते, इंजेक्शन घेतलेलं असो वा नसो. त्या भीतीने सिझर लांबवू नका.

सुरंगी:

डॉक्टर, तुमच्या गाडीच्या दिव्यांची वाट मीही पाहिलेली आहे.

शेवगा:

मी लॅबमध्ये आहे. गाठीचा तुकडा दिला की रिपोर्टला इतके दिवस का, हे रोज विचारतात. तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सर आहे की नाही हा शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्यांचा असतो, आणि पेशंटने त्यांचं तोंडही पाहिलेलं नसतं. बरणी तुम्हालाच एसटीने न्यावी लागली तर तुकडा फॉर्मलिनमध्येच आहे ना हे विचारून घ्या. साध्या पाण्यात ठेवला तर तो कुजतो आणि पुन्हा कापावं लागतं.

आबोली:

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ मुंबईची नोकरी सुटल्यावर गावी आला. रात्र रात्र झोपायचा नाही, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणायचा. आम्ही देवाला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, सहा महिने तसेच गेले. देवावरची माझी श्रद्धा आजही तेवढीच आहे. पण औषध मानसोपचारतज्ज्ञाचं लागलं. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी केलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ बोलून, चाचण्या घेऊन उपचार करतो, तो औषध लिहीत नाही. भावाला दोघांची गरज पडली. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाहेरच्या बाहेर दाखवूनही घरी येता येतं, भरतीच करतात असं नाही. फोनवर बोलायचं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात. भाऊ आता कुडाळात दुकानात बसतो. गोळी चालू आहे.

कातळफूल:

आबोली, हे लिहायला धीर लागतो. मनापासून आभार.

रापण:

आणखी एक इचारतंय. आमच्याकडे दोडामार्गात काजीच्या बागेत माकड मेलेला दिसला तर कोणाक सांगूचा? गुरांच्या डॉक्टराक की माणसांच्या?

गोठा:

दोघांनाही, आणि वनखात्यालाही. मी पशुवैद्यक आहे. हात लावू नका, जवळही जाऊ नका. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड जमिनीवर पसरतात आणि माकडताप त्या गोचिडांतून माणसाला होतो. हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, दोडामार्गात २०१६ साली साथ आली. तुम्ही एक फोन केला की आरोग्य विभागाची माणसं येऊन परिसराची पाहणी करतात, तापाचे पेशंट शोधतात. या साथरोगवाल्या डॉक्टरांना कुणी ‘माझा डॉक्टर’ म्हणत नाही, पण लेप्टोच्या, म्हणजे पावसाळ्यात चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाच्या, दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिनची गोळी कधी आणि कुणाला द्यायची हे तेच ठरवतात. पावसात भात लावणीनंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं तर ‘अंग मोडून आलंय’ म्हणून बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘मी शेतात उतरलो होतो’ हे वाक्य आधी सांगा. काजूबागेत जाणाऱ्यांनी ताप आल्यावर बागेचं नाव सांगा.

मिरग:

हे फार पटलं. डॉक्टरला आपण काय काम करतो ते सांगितलं तर त्याचं अर्धं निदान होतं. मासे उतरवणाऱ्याला पाकट माशाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवतात, तेही आमच्याकडे एका बंदरावरच्या डॉक्टरलाच आधी सुचलं, मोठ्या शहरातल्याने नुसती जखम शिवली होती.

कातळफूल:

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मला यातून दिसतंय ते असं की स्पेशालिस्टची नावं माहीत असणं एक, आणि त्याच्याकडे योग्य वेळी पाठवणारा, आपलं घर ओळखणारा पहिला डॉक्टर असणं दुसरं. आमच्या गावच्या डॉक्टरांनीच शेवटी रक्त तपासायला लावलं होतं. आम्ही मधले चौदा महिने त्यांच्याकडे गेलोच नाही, कारण ‘मोठ्या डॉक्टरची’ चिठ्ठी हातात होती.

सुरंगी:

कातळफूल, एक विचारायचं राहिलं. आईला आमवातावरचं मेथोट्रेक्सेट चालू केलं असेल ना? ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोजची समजून घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड आतून सोलून निघतं, जीव जातो. मी असे दोन पेशंट पाहिलेत, दोघंही घरचं माणूस बाहेरगावी असताना स्वतः गोळ्या काढून घेणारे. आई स्वतः घेते की तुम्ही देता?

कातळफूल:

सुरंगीताई, बरं झालं विचारलंत. हो, तीच गोळी. क्रिएटिनिन १.१ वर आल्यावर चालू केली, कमी डोसने. रुमॅटॉलॉजिस्टनी आईला वार विचारला, तर ती म्हणाली सोमवार, शंकराचा. चिठ्ठीवर त्यांनी मराठीत मोठ्या अक्षरांत ‘फक्त सोमवारी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. फॉलिक ॲसिड इतर दिवशी. आधी दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलं होतं, आता तीन महिन्यांनी. ते इथेच तपासून रिपोर्ट फोनवर पाठवतो, घाट चढावा लागत नाही.

गोळ्या आईच काढायची. तुमचं वाचलं आणि आत्ता उठून पाकीट माझ्या कपाटात ठेवलं. कॅलेंडरवर या वर्षाच्या उरलेल्या सगळ्या सोमवारांना गोल करून ठेवते.